लोकल मध्येच गप्प का होते? (गाडी, वीज आणि ब्रेक)

फळा_खडू (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. मी कोपरखैरण्याला राहते आणि ठाण्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. येणं-जाणं ट्रान्सहार्बरने, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलने. गेल्या आठवड्यात वर्गात ऊर्जेची रूपांतरं चालली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, लोकल स्टेशनात थांबते तेव्हा तिचा सगळा वेग जातो कुठे?" मी म्हटलं, ब्रेकच्या घर्षणातून उष्णता होते. तो लगेच म्हणाला, "मग दिवसभर एवढ्या वेळा थांबून चाकं लालभडक व्हायला नकोत का?"

उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची गाडी माणसांसकट ७०० टन धरली, वेग ताशी ८० किमी. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे आपलं नेहमीचं सूत्र. उत्तर आलं १७ कोटी ज्यूलच्या वर, म्हणजे विजेच्या बिलातली ४८ युनिटं! आमच्या दोन माणसांच्या घराला एवढी वीज पंधरा दिवस पुरते. आणि गाडी ही ऊर्जा एका स्टेशनाहून निघून दुसऱ्या स्टेशनात थांबेपर्यंत कमावते आणि घालवते. दोन-दोनदा गणित तपासलं, चूक सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोटरच्या डब्यात बसले, तिथे खालचा आवाज स्पष्ट येतो. रबाळे सोडलं तसा तो ओळखीचा चढता सूर आला, टप्प्याटप्प्याने वर जाणारा. मग तो एकदम बंद. गाडी पळतेय, रुळांचा खडखडाट आहे, पण मोटर पूर्ण गप्प. घणसोलीचा फलाट जवळ आला तसा पुन्हा सूर आला, या वेळी उतरता. इतकी वर्षं हे कानावर पडतंय आणि मी कधी विचारच केला नव्हता.

तर जाणकारांनी सांगावं. मधल्या वेळात मोटरमन मोटर बंद करतात का? का करतात? आणि ब्रेक लावताना मोटरचा आवाज परत कशासाठी येतो? मला हे मुलांना नीट सांगायचं आहे. पुस्तकात एका ओळीच्या पुढे काही नाही.

पंचवीस_केव्ही:

बाई, छान धागा. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मी बरीच वर्षं रेल्वेच्या ओव्हरहेड तारांच्या आणि सबस्टेशनच्या कामात होतो.

जुन्या सायकलींना डायनॅमो असायचा. तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि पेडल जड व्हायचं. उतरता सूर म्हणजे तेच. मोटर आणि जनित्र ही यंत्र म्हणून एकच आहेत. वीज घातली तर चाक फिरवते, चाकाने तिला फिरवलं तर वीज काढून देते आणि तेवढाच जोर लावून चाकाला अडवते. मोटरमन ब्रेकचं हँडल ओढतो तेव्हा गाडीखालची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोटरला जनित्र करून टाकते. गाडीचा वेग विजेच्या रूपात टपावरच्या पॅन्टोग्राफमधून (तारेला टेकणाऱ्या दांड्यातून) वर तारेत जातो. त्याच तारेवर कोपरखैरण्याहून कोणी सुटत असेल तर तो ती वापरतो. कोणीच नसेल तर सबस्टेशनमधून मागे ग्रिडकडे जाते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. अगदी हळू वेगाला हा ब्रेक पुरत नाही, तिथे हवेचा ब्रेक काम पुरं करतो. म्हणून आताच्या गाडीची चाकं लालभडक होत नाहीत.

मुंबईत हे २००७ नंतर आलेल्या थ्री फेज मोटरच्या गाड्यांपासून आलं. वापरलेल्या विजेपैकी ३० टक्क्यांच्या आसपास परत येते असं सांगितलं जातं. दिल्ली मेट्रोने याच ब्रेकिंगच्या जोरावर २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत प्रकल्प नोंदवला. कार्बन क्रेडिटसाठी नोंदला गेलेला जगातला तो पहिला रेल्वे प्रकल्प.

आता तारेबद्दल, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. पुढे नव्वद वर्षं मध्य रेल्वेच्या लोकल त्याच दाबावर पळाल्या. समजा गाडीला सुटताना ३००० किलोवॅट लागतात. १५०० व्होल्टला तारेतून २००० अँपिअर वाहायला हवेत. आताच्या २५ हजार व्होल्ट एसीला (दिशा बदलत राहणाऱ्या विजेला) फक्त १२०. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे तार तेवढीच जाड ठेवली तर तोट्यात पावणेतीनशे पटींहून जास्त फरक! म्हणून डीसीच्या काळात तारा जाडजूड होत्या आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागायचं. त्यात डीसी सबस्टेशनमधले रेक्टिफायर (एसीची डीसी करणारी उपकरणं) वीज एकाच दिशेने सोडतात. ब्रेकची वीज जवळच्या दुसऱ्या गाडीने घेतली तर घेतली, नाहीतर तिला मागे जायला वाटच नाही. पश्चिम रेल्वेचं डीसीतून एसीत रूपांतर २०१२ मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मेन लाइनचं २०१५ मध्ये, हार्बरचं २०१६ मध्ये. आम्ही ते रात्रीच्या ब्लॉकमध्ये, धावती लाइन सांभाळत केलं. त्याचा मला आजही अभिमान आहे.

मोटर बंद का करतात, ते एखाद्या मोटरमननेच सांगावं.

नॉच_झिरो:

सांगतो. ३१ वर्षं लोकल चालवली. आता कळव्याला घरी असतो.

बाई, तुम्ही ऐकलेली शांतता म्हणजे कोस्टिंग. कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज कमी-जास्त करायचं हँडल, झिरोवर आणायचा आणि गाडी आपल्या वेगाने वाहू द्यायची. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, त्यामुळे अडवणूक फार कमी. रस्त्यावरची बस न्यूट्रलमध्ये टाकली तर थोड्या अंतरात मरते. लोकल सपाट रुळावर दीड-दोन किलोमीटर आरामात जाते आणि वेग फार पडत नाही.

मी नवा होतो तेव्हा आमचे लोको इन्स्पेक्टर केबिनमध्ये मागे उभे राहायचे. त्या वेळच्या डीसी गाडीला चार नॉच, म्हणजे कंट्रोलरचे टप्पे: शंटिंग, सिरीज, पॅरलल, वीक फील्ड. मी तरुण होतो, फलाट सुटला की थेट शेवटच्या नॉचवर आणि पुढचा फलाट दिसेपर्यंत सोडायचा नाही. मग जोरात ब्रेक. दोन स्टेशनं त्यांनी काही म्हटलं नाही. मुंब्रा आलं तेव्हा म्हणाले, "खाली उतरून वास घे." उतरलो. ब्रेक ब्लॉकचा जळका वास येत होता. म्हणाले, "हा विजेचा वास आहे. मागच्या स्टेशनाला तू घेतलीस ती."

त्या गाड्यांना विजेचा ब्रेक नव्हता. सगळा वेग ब्लॉक घासून घालवायचा. सुटतानाही मोटरच्या आधी रेझिस्टन्स लागायचे, तिथेही वीज तापून जायची. म्हणजे निघताना गरम आणि थांबताना गरम. अशा गाडीत वाचवायची तर एकच जागा होती, मधलं अंतर. दोन स्टेशनांमध्ये नॉच कुठे सोडायचा हे आम्ही खुणांनी पाठ करायचो. तो अमुक पूल, तो पिंपळ, त्या चाळीची भिंत. पावसाळ्यात वेगळी जागा, भरलेल्या गाडीला वेगळी. लोकलच्या काही सेक्शनला कोस्टिंगचे बोर्डसुद्धा असतात, पण हातात बसलेलं ते हातातच.

मोठी चोरी सिग्नलला होते. आपल्याकडे ऑटोमॅटिक सिग्नल आहेत. हिरवा, डबल यलो, यलो, लाल. डबल यलो दिसला म्हणजे पुढचा यलो आहे, त्याच्या पुढचा लाल असू शकतो. घाई करणारा माणूस पॉवर धरून ठेवतो, लालपाशी जाऊन उभा राहतो. ऑटोमॅटिक लालला दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेही अगदी हळू. मग पुन्हा शून्यातून सातशे टन उचलायचे. जाणता माणूस डबल यलोलाच नॉच सोडतो. गाडी वाहत येते, तोवर पुढची गाडी फलाट सोडते, सिग्नल बदलतो, आपण न थांबता आत. प्रवाशाला कळतसुद्धा नाही की काही वाचलं.

८_१२_ची_जलद:

माहिती चांगली आहे, पण मला एक स्पष्ट बोलायचं आहे. मी डोंबिवलीहून रोज जलद गाडीने जाते. दाराला लोंबकळणारी माणसं रोज बघते. गाडी दहा मिनिटं उशिरा आली की पुढच्या गाडीला दुप्पट गर्दी. अशा वेळी मोटरमनने वीज वाचवायला गाडी हळू चालवावी हे मला पटत नाही. आधी गाड्या वेळेवर आणि पुरेशा येऊ देत. वीज नंतर. ऑफिसात लेट मार्क लागतो तो माझा पगार कापून जातो.

नॉच_झिरो:

ताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. माझ्या नोकरीत वेळ सोडून कोस्टिंग कधी केलं नाही आणि कोणी करायला सांगितलंही नाही. पण एक उलटी गोष्ट सांगतो. सगळ्यात जास्त वीज खाणारी गाडी म्हणजे उशिरा धावणारी गाडी. तिच्या मोटरमनला एक सेकंद वाहू द्यायची सोय नसते. प्रत्येक स्टेशनाहून पूर्ण पॉवर, प्रत्येक फलाटाला कडक ब्रेक. आणि उशीर तिला बहुतेकदा रुळावर होत नाही, फलाटावर होतो. ठाण्याला अर्ध्या मिनिटाचा थांबा धरलेला असतो, दारात कोंडी झाली की एक मिनिट जातं. ते अर्धं मिनिट पुढे कुठून काढायचं? कोस्टिंगमधूनच.

म्हणजे वेळेवर गाडी आणि वीज वाचणं हे एकाच बाजूचे आहेत.

फळा_खडू:

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी आज फळ्यावर गणित घातलं. दोन स्टेशनांमधलं अंतर २ किमी, गाडी ७०० टन. वेग घेण्याचा दर सेकंदाला ०.५ मीटर प्रति सेकंद, ब्रेकचा ०.६. हवेचा आणि रुळाचा विरोध सोडून दिला, दहावीच्या गणितासाठी. मुलांनी तीन गट करून तीन वेग धरले.

ताशी ८० किमीपर्यंत वेग घेतला तर १३१ सेकंद लागतात आणि ४८ युनिटं.
ताशी ७२ घेतला तर १३७ सेकंद आणि ३९ युनिटं.
ताशी ६० घेतला तर १५१ सेकंद आणि २७ युनिटं.

तिन्ही गटांचे आकडे फळ्यावर आले तेव्हा मीच गप्प झाले. पहिले ६ सेकंद जास्त द्या, ९ युनिटं वाचतात! पुढच्या १२ युनिटांसाठी मात्र १३-१४ सेकंद मोजावे लागतात. म्हणजे सुरुवातीचे थोडे सेकंद सर्वात मोलाचे. वेगाचा वर्ग असतो म्हणून हे होतं, आणि तो वर्ग कशासाठी शिकायचा हे मुलांना पहिल्यांदाच दिसलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे दारात अडकलेल्या माणसाने सहा सेकंद घालवले तर आमच्या घरची तीन दिवसांची वीज गेली." मी तिचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

८_१२_ची_जलद:

हे गणित माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. दोघांनीही पुन्हा करून पाहिलं. माझा विरोध वेळ वाढवण्याला होता, तो अजून आहे. पण फलाटावरचे सेकंद म्हणजे वीज, हे मी आजवर कोणाकडून ऐकलं नव्हतं. तसं असेल तर रुंद फलाट, नीट जिने, उतरणाऱ्यांना आधी वाट या गोष्टींवर खर्च केलेला पैसा विजेतूनही परत येतो. तो हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

पंचवीस_केव्ही:

बाईंच्या गणितात एक दुरुस्ती, म्हणजे मुलांना पुढचा तास मिळेल. रिजनरेशन असलेल्या गाडीत त्या ४८ युनिटांतली बरीच परत येतात, तेव्हा निव्वळ फरक ९ युनिटांपेक्षा कमी निघेल. पण लक्षात घ्या, परत येणारी वीज मोटर, कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर या सगळ्यांतून उलटी जाते. मूळ वीज जातानाही त्याच वाटेने आली होती. प्रत्येक ठिकाणी थोडी उष्णता होते. म्हणून नवीन गाडी आली म्हणजे कोस्टिंगची गरज संपली असं नाही. ब्रेकने निम्मं परत मिळवण्यापेक्षा मुळात न घेणं नेहमीच सरस.

परदेशात यावर बरंच काम झालंय. स्वित्झर्लंडच्या रेल्वेत चालकाला केबिनमध्ये सुचवलेला वेग दिसतो. पुढचं जंक्शन अमुक वेळेला मोकळं होणार आहे, तेव्हा आत्ताच थोडं हळू या, लालपाशी उभं राहू नका, अशा अर्थाचा. नॉच_झिरो साहेब डबल यलो बघून जे करायचे तेच, फक्त दहा किलोमीटर आधी कळवलेलं. आपल्या ठाणे-दिवा पट्ट्यात अशा सूचनेचा किती उपयोग होईल याचा विचार करा. लंडनच्या भुयारी रेल्वेत तर काही मार्गांवर स्टेशनंच थोड्या उंचवट्यावर बांधली आहेत. येताना चढ गाडीला अडवतो, निघताना उतार तिला ढकलतो.

घणसोली_सेक्टर:

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न: सानपाड्याच्या यार्डात उभ्या गाड्यांचे पंखे-दिवे चालू दिसतात. तिथे वाचवणं सोपं नाही का?

पंचवीस_केव्ही:

वाचवायलाच हवं, पण प्रमाण बघा. एका डब्यात ३० पंखे धरा, ६० वॅटचे. डब्याला १.८ किलोवॅट, बारा डब्यांना सुमारे २२. तासभर चालले तर २२ युनिटं. बाईंच्या गणितात एकदा ताशी ६० पर्यंत वेग घ्यायला २७ लागली होती. एका तासाचे सगळे पंखे एका सुटण्याएवढे नाहीत. रात्रभर उभ्या गाडीत मात्र हा आकडा वाढत जातो, तिथे तुमचं बरोबर.

वातानुकूलित (एसी) लोकलचं गणित वेगळं आहे. मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल जानेवारी २०२० मध्ये आपल्याच ट्रान्सहार्बरवर आली. तिचं थंड करण्याचं ओझं गाडी उभी असतानाही चालू राहतं, आणि दर स्टेशनाला सगळी दारं उघडून बाहेरची दमट हवा आत येते. तिथे थांब्याच्या सेकंदांना दुहेरी किंमत आहे.

चोळ्याची_चिमणी:

जरा अवांतर. माझे आजोबा ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसला होते. जीआयपी रेल्वेने (आताच्या मध्य रेल्वेने) १९२९ च्या सुमारास बांधलेलं कोळशाचं वीजघर, फक्त रेल्वेसाठी. १९३० पर्यंत दोन्ही घाटांवर, इगतपुरी आणि पुण्याच्या बाजूला, विजेची इंजिनं चढू लागली होती. आजी सांगायची, वारा आमच्या बाजूला फिरला की दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. आजोबा रात्रपाळीला असले की पहाटे लोड वाढलेला त्यांना भट्टीच्या आवाजावरून कळायचा, कारण पहिल्या गाड्या सुटलेल्या असायच्या. तिकडे मोटरमन नॉच टाकतोय आणि इकडे माणूस कोळसा ओढतोय, इतकं ते जवळ होतं. आता वीज कुठून येते ते दिसत नाही. बाईंच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आजोबांना फार आवडला असता.

वीजघर १९८० च्या दशकात बंद झालं. मी लहानपणी तिकडून जाताना नेहमी बघायचो.

थळघाट:

कसाऱ्याचा आहे, ठाणे जिल्ह्याचं शेवटचं टोक. इथे हा विषय डोळ्यांनी दिसतो. कसारा-इगतपुरी घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. मी हिशेब केला, हजार टन वजन ३०० मीटर उंच न्यायला घर्षण न धरता ८०० युनिटांच्या वर लागतात. आणि उतरणारी गाडी त्यातली बरीच परत देऊ शकते. जुन्या इंजिनांच्या काळात उतरताना ब्रेकचा धूर यायचा. आता थ्री फेज इंजिनं ब्रेकमध्ये वीज बनवत उतरतात, आणि वर चढणारी गाडी ती खाते. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे बादल्या बांधल्यासारखं.

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या राजधानीला २०१९ मध्ये पुढे-मागे इंजिन लावायला सुरुवात झाली. तिचा इथे बँकर जोडायचा थांबा गेला. एक थांबा वाचणं म्हणजे काय ते आता बाईंच्या फळ्यावरून कळलं.

पनवेल_जंक्शन:

कोकणच्या गाड्यांबद्दल दोन ओळी. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. तोवर तिकडे बहुतेक डिझेल. पण विजेचं इंजिन लागलं तरी लाल एलएचबी (नव्या बनावटीच्या डब्यांच्या) गाड्यांच्या दोन टोकांना डिझेल जनित्राचे डबे असायचे, दिवे आणि एसीसाठी. फलाटावर त्यांचा इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता बऱ्याच गाड्यांत ती वीज इंजिनातूनच घेतात, हेड ऑन जनरेशन म्हणतात त्याला. वरच्या तारेत वीज असताना खाली डिझेल जाळायचं, हे थांबलं ते फार बरं झालं. एका जनित्राच्या डब्याच्या जागी प्रवाशांचा डबाही लावता येतो.

नॉच_झिरो:

थळघाट यांनी रहाटाची उपमा दिली ती मनापासून आवडली.

दिवा स्टेशनाबद्दल लिहायचं राहिलं होतं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्याआधी मेल-एक्स्प्रेस आणि लोकल त्याच चार रुळांवर. एखादी लांबची गाडी पुढे आली की मागच्या जलद लोकल एकामागे एक यलोवर. दिव्याला फाटक उघडं असलं की पुन्हा तेच. फाटकात दोन मिनिटं रिक्षा-टेम्पो निघायचे आणि इकडे तीन गाड्या थांबलेल्या. तेव्हा आम्ही मिनिटं मोजायचो. आता बाईंच्या गणिताने युनिटं मोजतोय. गर्दीची एक लोकल सिग्नलला फुकट थांबली म्हणजे वीस-पंचवीस युनिटं तरी गेली, जुन्या गाडीत तर ती कायमची. फाटकावर उड्डाणपूल बांधताना किती माणसांचा वेळ वाचेल एवढंच लिहितात. थांबून पुन्हा सुटलेल्या गाड्याही लिहायला हव्यात.

नवीन मुलं हुशार आहेत. त्यांच्या हाताखाली यंत्रणा चांगली आहे. पण मला एकच वाटतं, महिन्याला प्रत्येकाला त्याने वापरलेली आणि परत केलेली वीज दाखवावी. शिक्षेसाठी नाही, बक्षिसासाठीही नाही. माझ्या इन्स्पेक्टरांनी मला खाली उतरून वास घ्यायला लावला नसता तर मी ३१ वर्षं तसाच चालवत राहिलो असतो.

फळा_खडू:

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा शेवटचा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवला.

मुलांनी स्वतःहून एक काम घेतलं. ट्रान्सहार्बरने येणारे चौघे आहेत, ते रबाळे-घणसोलीमधली शांतता घड्याळ लावून मोजतात. आठ दिवसांच्या नोंदी आल्या. गाडी वेळेवर असली तर ४० ते ५० सेकंद मोटर गप्प असते. चार मिनिटं उशिरा आलेल्या एका गाडीत फक्त १२ सेकंद मिळाले, आणि उतरता सूर फलाटाच्या अगदी तोंडाशी सुरू झाला. आठ दिवस म्हणजे काही फार नव्हे, पण काकांनी सांगितलेलं त्यांनी कानाने पकडलं.

काका, तुम्हाला जमत असेल तर एका शनिवारी शाळेत याल का? ठाण्याला ९-१० नंबर फलाटाच्या जिन्यापाशी दोन मुलं घ्यायला येतील. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा पुढचा प्रश्न तयार आहे: एकाच ठिकाणी नॉच सोडला तर रिकामी गाडी जास्त लांब वाहत जाते की भरलेली?

नॉच_झिरो:

येतो. या शनिवारीच येतो.

उत्तर इथे लिहीत नाही. त्याला आणि बाकीच्यांना आपापला अंदाज वहीत लिहून ठेवायला सांगा, कारणासकट. मी माझी जुनी डायरी आणतो, त्यात कळवा-मुंब्र्याच्या नॉच सोडण्याच्या जागा लिहिलेल्या आहेत. सकाळच्या भरलेल्या गाडीची खूण आणि दुपारच्या रिकाम्या गाडीची खूण वेगळी आहे. कुठली आधी येते ते त्यांनाच शोधू दे.